हनीफभाईंची दोन रंगांची कार्डं

लातुरात औसा रोडला माझं छपाईचं दुकान आणि भिंतीला भिंत लागून हनीफभाई पिंजाऱ्यांचं गाद्यांचं. भूकंपानंतर लोक घरात झोपायला भ्यायचे, तेव्हा अंगणात ओढून नेता येईल अशी हलकी गादी काढली ती भाईंनीच. दहा वर्षांनी क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं आली, प्रत्येकाला गादी हवी; पण गिऱ्हाईक सगळं स्टँडजवळच्या फोमवाल्याकडे.

"वीरेशशेठ, हजार कार्डं छापा," भाई म्हणाले.

मी छापली. भाईंनी पानटपरीपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांना वाटली. महिनाभरात एक माणूस फिरकला नाही. टपरीवर एक जण त्याच कार्डानं दात कोरताना दिसला, तेव्हा भाईंपेक्षा मलाच जास्त राग आला. छपाई चांगली होती हो!

डोकं चालवलं भाईंच्या बायकोनं, गौसियाभाभींनी. क्लासच्या दारात उभं राहून त्यांनी पाहिलं की बाप फीच्या रांगेत असतो आणि आई पायरीवर सामान सांभाळते. बापाला वाटतं लेकरानं कमी झोपावं. आईचं नेमकं उलटं. मग मी दोन कार्डं छापली. पांढरं बापांना: 'कडक गादी. झोप मोजकी, अभ्यास भरपूर.' गुलाबी आयांना: 'मऊ गादी. घरच्यासारखी झोप.' पत्ता तोच आणि गादीही तीच. लबाडी होती, नाही कशाला म्हणू?

"दोघांनी एकमेकाला कार्ड दाखवलं तर?" मी विचारलं.

"नवरा-बायको एवढं बोलत असते तर काय पायजे होतं, शेठ!" भाभी म्हणाल्या.

दोन सीझन फोमवाला माश्या मारत बसला. तिसऱ्या जूनमध्ये निलंग्याचे सिद्रामप्पा, त्यांची बायको नीलम्मा आणि लेक स्वप्नाली असे तिघं भाईंच्या दुकानात आले. अप्पांच्या हातात पांढरं कार्ड, नीलम्मांच्या हातात गुलाबी. मी शाई पुसायला चिंध्या मागायच्या निमित्तानं तिथंच घुटमळलो. ही गोष्ट क्लासच्या पायऱ्यांवर गेली असती, तर भाईंचा सीझनच काय, दुकानही उठलं असतं.

अप्पांनी गादीवर बुक्की मारली. "ही कडक हाय?"

"हाव, अप्पा."

नीलम्मांनी त्याच गादीत बोटं रुतवली. "अन् मऊ?"

"हाव, अक्का."

दोघांनी आपापली कार्डं भाईंसमोर धरली. कोपऱ्यात गादी शिवणाऱ्या भाभींची सुई थांबली.

तेवढ्यात स्वप्नाली गादीवर सरळ आडवी झाली. "झोपायचं मला हाय, अन् भांडून तुम्ही राहिले. चाचा, रुंदी किती?"

"तीन फूट."

"आमची खोली दहा फुटाची. चौघी हावोत. तिघींनी तुमच्याच गाद्या नेल्या. माझी टाकली की दार उघडत न्हाई."

अप्पांचा आवाज खाली आला. "मी खोली बघितली, पण रिकामी होती."

नीलम्मांनी पदर डोळ्यांना लावला. भाईंची मान खाली गेली. शेकडो गाद्या विकल्या होत्या, पण झोपणाऱ्याला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. खरं सांगतो, लाज मलाही वाटली.

स्वप्नालीनं आईच्या हातातलं गुलाबी कार्ड घेतलं, माझ्या खिशातला पेन उचलला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'सव्वादोन फूट. चार नग.' खाली खोलीचा पत्ता. "हे माझं कार्ड," असं म्हणून तिनं ते भाईंच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी भाई टेप घेऊन गेले. तिघींच्या गाद्या डोक्यावरून आणल्या, उसवल्या, कापल्या, पुन्हा शिवल्या आणि पैसे घेतले नाहीत. चौथी नवी शिवली. त्या महिन्यात त्याच गल्लीतून सतरा पोरी खोलीचं माप घेऊन आल्या. एकीच्याही हातात कार्ड नव्हतं. भाईंनी कार्डांची पुढची ऑर्डर रद्द केली, आणि मी कापून ठेवलेला गुलाबी कागद अजून तसाच पडून आहे.