फ्लॉप्या कॉलेजच्या

“पाठ झाला व्हय? मग तुला काय झालं, ते सांग.”

एवढं एकच वाक्य घेऊन आमचे हे सर वडूजहून सांगलीच्या बी.एड. कॉलेजात आले होते. आम्ही शाळेत सरावाचा पाठ घेऊन घामाघूम परतायचं, चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत शिरायचं आणि ज्याच्या त्याच्या फ्लॉपीत लिहायचं : काय शिकवलं, काय फसलं, शिकवताना मनात काय आलं. वर्षाअखेर त्यावर मार्क. माणूस मला पहिल्या दिवशीच आवडला नाही. तुम्हालाही आवडला नसता.

आम्ही एकी करून एक वाक्य ठरवलं : ‘फळ्याचा वापर कमी झाला.’ ते सगळ्यांच्या फ्लॉप्यांतून फिरलं. सरांनी वाचलं आणि मलाच उभं केलं.

“समद्यांचा फळा एकदमच कमी पडला रं? फळ्याचं ऱ्हाऊ दे. तुझं लिव. माझ्याबिगर कुणी वाचायचं न्हाई.”

पुढं आष्ट्याच्या शाळेत पोरं मला पोट धरून हसली. त्या तिरमिरीत मी लिहून टाकलं, की मला मास्तर व्हायचंच नाही, वडिलांच्या हट्टापायी आलोय. सरांनी वाचलं आणि नुसतं “बरं” म्हणाले. माझ्या एवढ्या मोठ्या दुःखाला एक “बरं”!

मग तपासणीची समिती यायची ठरली. तिला फ्लॉप्या दाखवायच्या, पण आधी आपण स्वतः वाचणार, असं प्राचार्यांनी काढलं. प्राचार्य माझ्या वडिलांचे वर्गमित्र. म्हणजे माझं लिहिलेलं थेट घरी पोचणार.

सरांचं आणि प्राचार्यांचं भांडण व्हरांड्यात ऐकू येत होतं. कॉम्प्युटर कॉलेजचा, फ्लॉप्याही कॉलेजच्या, असं प्राचार्य टेबल आपटून सांगत होते.

“फ्लॉप्या कॉलेजच्या हायती,” सर म्हणाले. “आतलं पोरांचं हाय.”

ते कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसले, आमच्यादेखत एकेक फ्लॉपी पुसली आणि कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सरांची नोकरी तात्पुरतीच होती. त्याच आठवड्यात गेली. आम्हाला मार्क मिळाले ते पास होण्यापुरते.

अब्रू वाचली हे मला दिसलंच नाही, मार्क तेवढे दिसले. तडक स्टँडवर गेलो. सर वडूजच्या गाडीत खिडकीशी बसले होते. वर्षभर छळलंत, लिहायला लावलंत, आणि शेवटी सगळं पुसून निघालात, असं तोंडाला येईल ते बोललो.

“हां. असं लिवायचं हुतं,” ते म्हणाले.

गाडी सुटली. मी पुढं मास्तरच झालो. ते पुन्हा कधी भेटले नाहीत, आणि माझं भांडण अजून अर्धंच झालंय.