रशीदभाईंचं गोल नाकाचं विमान

वाशीमच्या ठोक दुकानात मी वह्यांचे गठ्ठे मोजून घेत होते, तेव्हा शेजारच्या रशीदभाईंच्या बायकोचा, नसीमभाभींचा फोन आला. "ताई, हे गेले." मी घाईत विचारलं, "कुठं?" शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. गठ्ठे तिथेच ठेवून मंगरूळपीरची बस धरली.

रशीदभाई पतंग करायचे. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आणि त्यांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. एकदा माझ्या रद्दीत इंग्रजी पुस्तकाचं सुटं पान निघालं. त्यावर शंभरेक वर्षांपूर्वीचं ब्रिटिश विमान होतं, डीएच-पन्नास. एकावर एक दोन पंख, पुढे एकच इंजिन, चार प्रवाशांची बंद खोली आणि तिच्यामागे उघड्यावर बसलेला वैमानिक. रशीदभाई हसतच सुटले. "पाहा ताई, सवारी आत अन् डायव्हर वाऱ्यात! आपल्या ऑटोवाल्याईले नोका दाखवू, भाडं वाढवतीन." मग पंखांकडे बघत राहिले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड. "हे तं आपलंच काम हाय."

त्यांनी मोबाईलवर त्या विमानाची सगळी भावंडं शोधली. कुणाची खोली लांब, कुणाला पाण्यावर उतरायला चाकांऐवजी तराफे, कुणाचं इंजिन सरळ लांबट, तर कुणाचं गोल. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन एकेक करायला बसले. इतका खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "जिंदगीभर दोर धरून उडवलं. एक चीज दोराशिवाय उडाली पाह्यजे."

तेच जमत नव्हतं. पतंगवाल्याचा हात. जमेल तिथे वजन कमी करायचं, कामटी तासून तासून केसासारखी करायची, हे बोटांत मुरलेलं. विमान हातातून सुटलं की नाक वर करायचं, थबकायचं आणि शेपटीवर पडायचं. एकदा वैतागून त्यांनी त्याला पतंगासारखी दोन जागी धागा ओवून कन्नी बांधली, दोर लावला, तर भर बाजारात काय सुरेख चढलं! लोकांनी शिट्ट्या मारल्या. रशीदभाई मात्र तोंड पाडून दोर गुंडाळत होते. "हे तं पतंगच झालं, ताई." मी म्हणाले, नाकाला वजन द्या. ते माझ्यावर चिडले. वजन द्यायचं हे ऐकवतच नव्हतं त्यांना.

शेवटी गोल इंजिनाचं विमान करायला घेतलं. नाकाला तसाच गोल आकार हवा म्हणून सायकलच्या घंटीची लोखंडी वाटी बसवली. वजनाचा विचार त्यांनी केलाच नव्हता, चित्रासारखं दिसावं एवढंच. पिवळा कागद चिकटवून ते वाळत ठेवलं आणि दोन दिवसांनी छातीत दुखलं…

भाभी इद्दतीत. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. भेटायला गेले तर विमान मांडीवर घेऊन बसलेल्या. मी कपाटात नीट ठेवू म्हणाले. "कपाटात कायले? त्याईनं उडवासाठी केलतं." घर वाशीम रोडला, गावाच्या टोकाला. मागे तुरीचं शेत. भाभी गच्चीवर गेल्या आणि मला खाली शेतात उभं केलं. फोन कानाला. "दोर बांधू का?" मी विचारलं. "तुमी बी तशाच! त्याईले दोर नोको होता," म्हणाल्या आणि सोडलं.

नाक वर झालं नाही. घंटीच्या वाटीनं ते खाली धरून ठेवलं आणि विमान सरळ निघालं, माझ्या डोक्यावरून, बांधावरून, पुढे… मी तुरीतून धावले, मधेच गच्चीकडे तोंड करून विचारलं, कुठं? "डावीकडं, ताई! अवं माही डावी, तुमची नाही!" अंगभर ओरखडे, साडी फाटली. विमान सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी ओळीओळीनं शेत पालथं घातलं. तूर कापताना बायांनाही सांगून ठेवलं. काही नाही.

पडलं कुठे, हे मला कळायलाच हवं. हातचं काम अर्धवट टाकून मी उठते, पुन्हा बसते. परवा भाभींना तसं म्हणाले, तर त्या हसल्या. रशीदभाई गेल्यापासून पहिल्यांदाच. "तुमच्यानं नाही होत ते. राहू द्या. इद्दत सरली का मीच निंगीन पाहाले."

तेव्हापासून वाटतं, तोवर ते सापडू नये. तरीही वाशीमच्या बसमध्ये मी शेताकडची खिडकी सोडत नाही.