त्या काठावर अब्बा उभे होते

लग्न होऊन मी दिग्रसहून पैनगंगेच्या काठी आले, तेव्हा आपण अजून मुंबई राज्यातच होतो. माझे घरवाले इंजिनाचे मिस्त्री. एका मालकानं त्यांना नदीच्या वळणातल्या केळीच्या बागेवर ठेवलं होतं. तिथं तीन बाजूंनी नदी फिरते आणि चौथ्या बाजूला नाला. उन्हाळ्यात पायी गावात जाता यायचं, पण मिरगापासून दिवाळी उलटेपर्यंत डोंग्याशिवाय हलता येत नसे. चक्की पल्याड, दुकान पल्याड, कंदिलाचं मातीचं तेल पल्याड, दवापाणीही पल्याड. अल्याड आमची टिनाची खोली, इंजिन, केळी आणि एक म्हातारा सालगडी, तोही कानानं बहिरा.

दिग्रसला आमचं घर पिंजाऱ्यांच्या गल्लीत. अब्बा गाद्या भरायचे. भिंतीला भिंत लागलेली. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंका. त्या गलक्यात वाढलेली मी. इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात बुरखा घडी करून पेटीत ठेवला. पाहणारंच कोणी नव्हतं. हे इंजिन खोलून बसले की दिवसभर एक शब्द नाही. जेवताना काही विचारलं तर मान हलवायचे.

म्हणून मी दळण थोडं थोडं न्यायला लागले. दोन शेर जवारी बांधायची, काठावर उभं राहून हाक मारायची. नावाडीबाबा म्हातारा ढिवर होता, पलीकडच्या काठावर झोपडीत एकटाच राहायचा. हाक ऐकली की बांबू रेटत डोंगा घेऊन यायचा. एकदा त्यानं विचारलंच, "कायले वो माय, दोन शेराचं दळण? एकडाव पायलीभर नेत जा ना." मी म्हटलं, पावसाळ्यात पिठाला जाळी धरते. तो माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. माझं दळण होऊन गेलं तरी तो चक्कीबाहेर बिडी ओढत बसायचा, घाई करायचा नाही. मी तोवर बायांचं बोलणं ऐकून घ्यायची. कोणाची गाय व्याली, कोणाची सून रुसली. माझं त्यात कोणीच नव्हतं, तरी ऐकायची.

पहिली मुलगी दिग्रसला, अम्मीजवळ झाली. चाळीस दिवस अम्मीनं आम्हा दोघींना तेल लावलं, शेक दिला. नदी भरायच्या आत मी परत आले. निघताना अम्मी म्हणाली होती की पाऊस सरला की ती स्वतः येईल, तिला डोंग्यात बसून बघायचं आहे.

भादव्यात इंजिनाचा एक भाग तुटला. तो घडवून आणायला हे दिग्रसला गेले आणि मागे पूर आला. दोन्ही काठ भरून नदी फुगली. डोंगा वर ओढून झाडाला बांधलेला मला इकडून दिसत होता. घरात पीठ होतं, तेल थोडं होतं. मी दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची आणि लेकराला कुशीत घेऊन पडायची.

चौथ्या दिवशी सकाळी पल्याड तीन माणसं दिसली. नावाडीबाबा ओळखू आला, हे ओळखू आले, आणि तिसरे, काळी छत्री धरलेले, अब्बा. मला इतका आनंद झाला की डोक्यावर पदर न घेताच मी चिखलातून काठावर धावले. नातीला बघायला आले असतील, असंच वाटलं. लेकराला दोन्ही हातांनी वर उचललं, वळवून वळवून दाखवलं. मी ओरडत होते, अब्बा, दात आले हिला. पाण्याच्या आवाजात काहीच पोचत नव्हतं. अब्बांनी एकदा हात वर केला. हे मात्र खाली मातीत बसले. चालून थकले असतील, मला वाटलं. मोटार फुलसावंगीलाच थांबायची, तिथून पायीच यावं लागायचं.

थोड्या वेळानं अब्बा वळले आणि निघून गेले. मला राग आला. एवढे आले, तर पाणी उतरेपर्यंत थांबायचं ना.

हे मात्र झोपडीत थांबले. रोज दुपारी काठावर येऊन उभे राहायचे. मी रोज लेकराला उचलून दाखवायची. पाच दिवस असे गेले.

सहाव्या दिवशी डोंगा आला. ह्यांनी उतरताच लेकरू माझ्या हातातून घेतलं आणि मग सांगितलं. अम्मी दोन दिवसांच्या तापात गेली होती. हे तिथंच होते, मातीला खांदा देऊनच आले होते. दोघं मला न्यायला आले होते, तिसऱ्या दिवशी कबरीवर दुआ मागतात, त्या जियारतीला तरी मी असावी म्हणून. मी विचारलं, मग काही खुणावलं का नाही? ते नावाडीबाबाकडे बघायला लागले.

बाबा म्हणाला, "म्याच नाई म्हटलं, माय. एकलं माणूस, जवळ लेकरू. हातानं असं काई सांगू नये."

डोंग्यात मी पाण्याकडे पाहत बसले होते. ह्या काठावर अम्मी पाच दिवस जास्त जगली होती, आणि ते दिवस मी अब्बांवर रुसण्यात घालवले होते.

दिग्रसला पोचल्यावर अब्बांना विचारलं, थांबला का नाहीत? अब्बा कापसाच्या ढिगाजवळ बसले होते. ते आमच्या घरच्या बोलीत बोलले, त्याचं मराठी एवढंच, "तू हसत होतीस. मला उभं राहवलं नाही."

चाळिसावा करून मी परत आले. ह्यांनी विचारलं, दिग्रसच्या कापसाच्या जिनात काम बघू का? मी हो म्हटलं, पण तसं काम मिळायला आणखी दोन पावसाळे गेले. त्या काळात नावाडीबाबानं मला डोंगा चालवायला शिकवलं. मी मागितलं नव्हतं. एक दिवस मधल्या धारेतून बाहेर आल्यावर त्यानंच बांबू माझ्या हातात दिला. पुरात त्याचा काही उपयोग नाही, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तरी मी शिकले.