दिवाणजींचं निदान

बडोद्यात असा एक माणूस होऊन गेला, ज्याचं निदान आयुष्यात एकदाही चुकलं नाही. हे वाक्य माझं नाही. रावपुऱ्यातल्या एका सभागृहात, हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून ते माझ्या वडिलांनी उच्चारलं आणि समोर बसलेल्यांनी माना डोलावल्या. वाक्य अक्षरशः खरं आहे. मी त्याची साक्षीदार आहे, आणि आमची मोटरसायकलही.

दिवाणजी दिवाण नव्हते. त्यांचे आजोबा संस्थानच्या मोटारखान्यात नोकरीला होते, एवढं खरं. तिथे ते काय होते, हे मात्र वर्षागणिक बदलत गेलं. माझ्या लहानपणी ते मोटारखान्यावर देखरेख करत. मी कॉलेजात गेले तोवर ते तिथले प्रमुख झाले होते. शेवटी शेवटी तर त्यांना विचारल्याशिवाय दिवाणसाहेब गाडीत पाय ठेवत नसत. बाबांनी ऐकलं होतं त्याप्रमाणे आजोबांकडे पेट्रोलच्या कोठाराची किल्ली असे. मेल्यानंतर इतक्या बढत्या मिळालेला दुसरा नोकर माझ्या ऐकिवात नाही. गल्लीने थट्टेत 'दिवाणजी' म्हणायला सुरुवात केली आणि नातवाने ती पदवी न लाजता स्वीकारली. ते स्वतः एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. म्हणजे किल्ल्यांची परंपरा घराण्यात टिकून होती.

शनिवारी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर दरबार भरे. इस्त्रीचा सफारी, पितळी मुठीची काठी आणि वेताची खुर्ची. शेजारच्या बाकावर साड्यांच्या दुकानातून मोकळे झालेले जयंतीभाई बसत. त्यांचं काम अनुमोदनाचं. दिवाणजी काहीही म्हणाले, की जयंतीभाई म्हणत, "साहेबे कह्युं एटले पत्युं." साहेब बोलले, विषय संपला. आसपासच्या गल्ल्यांतल्या जुन्या गाड्या तिथे येत, त्याही एकाच तक्रारीच्या: दिवे मिणमिणतात, हॉर्न कण्हतो, रात्री ठीक असलेली बॅटरी सकाळी गारठलेली. बाकीचे आजार दिवाणजी शहरातल्या वाडी भागातल्या मिस्त्र्यांकडे ढकलत. "नटबोल्ट त्यांचे," ते म्हणत, "वीज आमची."

विजेला ते हात लावत नसत. गाडीच्या मालकाने स्वतः बाजूचं झाकण उघडायचं, बॅटरी उघडी करायची आणि काठीच्या टोकाकडे बघत पुढच्या आज्ञेची वाट पाहायची. व्होल्ट मोजायचा मीटर त्यांनी कधी बाळगला नाही. "मीटर आंधळ्यांसाठी असतो," असं त्यांचं मत होतं. त्यांच्याकडे आजोबांपासून चालत आलेली परीक्षा होती. गाडी सुरू करायची, मूठ पिळून इंजिन चढवायचं आणि ते तसं गरजत असताना बॅटरीची तार खेचून काढायची. इंजिन चालू राहिलं तर आतलं कॉइल शाबूत. मग तार परत लावायची, दिवाणजी डोळे मिटत, थोडा वेळ जाऊ देत, आणि म्हणत, "रेक्टिफायर गेला."

आणि तो खरोखरच गेलेला असे.

ज्यांना मोटरसायकलशी देणंघेणं नाही, त्यांच्यासाठी सांगते. इंजिन फिरलं की आतलं कॉइल वीज तयार करतं. ती वीज बेबंद असते. तिला वळण लावून बॅटरीत पाठवण्याचं काम रेक्टिफायर नावाची, फण्या असलेली, मुठीएवढी डबी करते. बॅटरी ही त्या विजेची टाकी. पूर आलेला असताना टाकीच काढून घेतली, तर सगळं पाणी त्या डबीच्या अंगावर येतं आणि डबी जळते. आजोबांच्या काळातल्या मोटारींवर हा खेळ खपून जात असावा. आताच्या गाड्यांवर खपत नाही. थोडक्यात, दिवाणजी रोग शोधत नसत, लावत; आणि मग लावलेला रोग अचूक ओळखत. एखादी चिवट गाडी या परीक्षेतून वाचलीच तर तिला ते "तूर्त बरी" म्हणत आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावत. दुसऱ्या खेपेला सहसा निदान होई.

वाडीतल्या सुट्या भागांच्या दुकानदाराला हे ठाऊक होतं. रविवारी सकाळी कुणी उतरलेल्या चेहऱ्याने गाडी ढकलत आलं की तो मागच्या फळीकडे हात नेत एवढंच विचारी, "दिवाणजीने त्यांथी आव्या ने?" दिवाणजींकडूनच आलात ना?

आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलं आहे की इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढू नये. मी ते एकदा दिवाणजींना वाचून दाखवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि शांतपणे ऐकून घेणं हे त्यांच्या तिरस्काराचं सगळ्यात वरचं टोक होतं. "बेटा," ते म्हणाले, "सुरी जपून वापरा, असं घरातल्या पोरांना सांगतात. सर्जनला सांगतात का?" जयंतीभाईंनी विषय संपवला.

ही गाडी बाबांची. हल्ली ती मी चालवते आणि ते मागे बसतात. रविवारी सकाळी खंडेराव मार्केटात भाजी आणि परतताना कुणाकडे तरी चहा, एवढाच त्यांचा आता बाहेरचा फेरा. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली आणि आरटीओत तपासणीची तारीख मिळाली; साचलेल्या कामापायी ते रविवारीही उघडं होतं, म्हणून रविवारची. दिवा, हॉर्न, इंडिकेटर, सगळं चालायला हवं. नाहीतर मुदत टळणार आणि गाडी भंगारात जाणार. मग बाबा रिक्षाने मार्केटात जातील, असं कुणाला वाटत असेल तर तो बाबांना ओळखत नाही. ते जाणंच सोडतील आणि कुणाला कारणही सांगणार नाहीत.

नेमका त्याच आठवड्यात दिवा मिणमिणू लागला. मी सीट उघडली. बॅटरीची काळी तार सांगाड्याला जिथे जोडतात, तिथला बोल्ट गंजून हिरवा-पांढरा झाला होता. घासून साफ केला, आवळला आणि गाडी सुरू करून बॅटरीवर मीटर धरला. मूठ पिळली की आकडा चौदाच्या वर जात होता, म्हणजे चार्जिंग उत्तम. दिवाही लख्ख पडला. मी बाबांना सांगितलं, झालं काम.

बाबांनी टोपी चढवली. "दिवाणजींनी दोनदा विचारलंय, गाडी कधी आणताय म्हणून. तपासणी उद्यावर आली आणि आपण गेलो नाही, तर त्यांना काय वाटेल?"

मी म्हटलं, गाडी बरी आहे. ते म्हणाले, मग बरी आहे असं दिवाणजी सांगतील. खुंटीवरची कापडी पिशवी घेऊन ते गाडीमागे जाऊन उभे राहिले. बडोद्यातली जुनी मराठी घरं शिष्टाचारापायी काय काय गमावून बसली, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. आमचं एक पान त्यात नक्की येईल.

दरबार भरलेला होता. मी मुद्दाम सगळ्यांदेखत आधी मीटर लावला आणि आकडा दिवाणजींना दाखवला. त्यांनी तो पाहुण्यांच्या मुलाची चित्रकला बघावी तसा पाहिला. मग काठी उचलली. मी जागची हलले नाही. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, वाकले आणि स्वतःच्या हाताने तार खेचली.

हेडलाइट क्षणभर दुधासारखा पांढरा झाला, इतका, की समोरच्या भिंतीवरची जुनी जाहिरात वाचता आली. मग विझला. बाबांनी तार परत लावली. दिवाणजींनी डोळे मिटले, उघडले.

"रेक्टिफायर गेला."

मी पुन्हा मीटर लावला. मूठ पूर्ण पिळली तरी आकडा बारावरून हलेना. "दिवाणजी, आत्ता चौदाच्या वर होता. तुम्ही पाहिलात."

"पाहिला ना," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी कणव होती. "विझताना दिवा मोठा होतो, बेटा."

ओट्यावरून पसंतीची एक कुजबुज गेली. या माणसाला हरवणं शक्य नाही, हे मला त्या क्षणी कळलं. पुरावा दाखवावा, तर तोही ते आपल्याच बाजूला ओढून घेत.

गाडी ढकलत आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. उद्याची तपासणी गेली, असं मी म्हटलं. आणखीही बरंच काही म्हटलं. बाबांनी गाडी भिंतीला लावायला सांगितली आणि पिशवीत हात घातला. आतून निघाला वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा रेक्टिफायर, हेडलाइटचा बल्ब आणि दहाचा पाना.

"हे कधी आणलंत?"

"असतंच पिशवीत," बाबा म्हणाले. "त्यांच्याकडे जायचं म्हणजे घेऊनच जावं लागतं." देवळात जाताना नारळ न्यावा, त्या सुरात.

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, किती वर्षांपासून ते मी विचारलं नाही. हे थांबवलं का नाही, एवढं मात्र विचारलं. बाबा जुन्या डबीचा बोल्ट सैल करत होते. "रेक्टिफायर बाजारात मिळतो," ते म्हणाले. "शनिवारी त्या ओट्यावर कुणी गेलं नाही, तर त्या माणसाकडे दुसरं काय आहे?"

मला हा युक्तिवाद तेव्हा पटला नाही, आजही पटलेला नाही. ज्याला फक्त एवढंच येतं, त्याला ते करू द्यावं, या उदारपणावर कितीतरी जळक्या डब्यांचा ढीग उभा आहे, आणि तोही केवळ मोटरसायकलींच्या नाही.

सकाळी गाडी तपासणीत पास झाली. ही बातमी दिवाणजींपर्यंत पोहोचली तेव्हा ते म्हणाले म्हणे, की वेळेवर निदान झालं म्हणून निभावलं. बाबांनी त्याच आठवड्यात वाडीतून आणखी एक रेक्टिफायर आणला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवी खुंटीला लावली.

त्या पावसाळ्यात दिवाणजी गेले. झोपेत, कुणालाही निदानाची संधी न देता. सभागृह भरलं होतं. फोटोखाली काठी ठेवली होती. जयंतीभाई उठले, पण त्यांना बोलवेना. इतकी वर्षं ते दुसऱ्याच्या वाक्यानंतर बोलत आले होते. म्हणून बाबा उठले आणि त्यांनी ते वाक्य म्हटलं, की या माणसाचं निदान एकदाही चुकलं नाही. बोलताना त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. माना डोलवणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी आपापला रेक्टिफायर त्यांच्याच ओट्यावर गमावला होता.

आता शनिवारी तो ओटा रिकामा असतो. रविवारी आम्ही मार्केटात जातो, दिवा लख्ख पडतो, आणि बाबा गल्लीच्या तोंडाशी आले की सवयीने टोपी सारखी करतात.

पिशवी अजून खुंटीवर आहे. तिच्यातला रेक्टिफायर कोराच आहे.