बोटं दिसेनाशी होईपर्यंत

फोन आला तेव्हा मी पाण्यात क्लोरीन टाकत होतो. गोव्यातल्या एका हॉटेलात पोहण्याच्या तलावाची देखभाल करणं हे माझं काम. पाणी निळं राहिलं पाहिजे, कोपऱ्यात, फरशीच्या फटीत कुठंही हिरवा डाग दिसता कामा नये, एवढंच बघायचं. कामाच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दुपारी जेवायला गेलो तर दादाचे इतके मिस्ड कॉल, की ताट तसंच ठेवून मी परत लावला. मी तसा घाबरट माणूस. गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यावरून परत वर जाणारा. घरून फोन आला की मला आधी आई आठवते, तिचं वय झालंय... पण दादा म्हणाला, "तुजी वहिनी गेली रं." आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठं?"

त्या सकाळी शैलावहिनींनी उठून नेहमीसारखं घरामागच्या टाक्यांतलं पाणी हलवलं, घरात येऊन चहा ठेवला आणि ओट्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या. बसल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती. मडगावहून सोलापूर आणि सोलापूरहून येडशी करत मी गावात पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही. त्याचं दुःख आहेच. पण तिथं पोचल्यावर मी जे करून बसलो, त्यानं मला आजपर्यंत जेवण गोड लागलेलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा एसटीत मेकॅनिक. त्या लातूरकडच्या, वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या. त्या आमच्या घरात आल्या तेव्हा मी नववीत आपटून शाळेला रामराम केला होता आणि घरच्या शेळ्या राखत होतो. लग्नानंतर नवरा-नवरीला घेऊन आम्ही सगळे रामलिंगाला गेलो. दर्शन झालं, फोटोसाठी सगळे उभे राहिले, तर नवरी गायब! शोधतोय तर ही बाई ओढ्याच्या काठाला, शालूचा पदर खोचून, अंबाड्यातल्या आकड्यानं दगडावरचं शेवाळ खरवडत बसलेली. आईनं कपाळाला हात लावला. "अगं, देवाच्या दारात आलीस तर अंगारा घे की. ही घाण कशाला?" वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आत्याबाई, तुम्ही आत्ता जो श्वास घेतला ना, तो ह्याच्याच भावकीनं दिलाय. समुद्रात असलं शेवाळ असतं, डोळ्याला न दिसणारं. जगातला निम्मा प्राणवायू तेच तयार करतं." त्या दिवसांत आमचं भावकीशी बांधावरून भांडण चालू होतं. आई म्हणाली, "भावकीनं आजवर कुणाला काय दिलंय का?" आणि सगळे हसले. त्या दिवसापासून वहिनींचं नाव गावात 'शेवाळवाली' पडलं.

मी शाळा सोडलेला, त्यामुळं शिकलेल्या माणसापुढं माझी जीभ टाळ्याला चिकटायची. वहिनींपुढं मात्र कधी चिकटली नाही. आई काळ्या मसाल्याला दगडफूल भाजत असली की त्या मला हाक मारायच्या, "भावजी, इकडं या. हे बघा, हे फूल न्हाय. बुरशी आणि शेवाळ दोघांनी मिळून मांडलेला संसार आहे. शेवाळ उन्हात रांधतं, बुरशी घर सांभाळती." आई भाजता भाजता म्हणायची, "आमच्यात दोन्ही एकटी बाईच करती." एकदा दादा कामावरून डिझेलनं माखून आला तर त्याला म्हणाल्या, "तुमच्या अंगाला जुन्या शेवाळाचा वास येतोय." दादा वैतागला. मग त्यांनी सांगितलं, की कोट्यवधी वर्षांमागं समुद्रात मेलेलं शेवाळ आणि बारीक जीव गाळात दाबले जाऊन त्याचं खनिज तेल झालं, "म्हणजे तुमची कळंब-लातूर शेवाळावरच पळती." दादा म्हणाला, "मग भरती का टाकीत गटारातलं? महामंडळाचा फायदा होईल." वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, तसा प्रयत्न जगात चाललाय, ताज्या शेवाळातून तेल काढायचा. अजून लई महाग पडतं. ढोकीकडं जाताना कारखान्याचं धुराडं दिसलं की एसटीच्या खिडकीतून त्या बोट दाखवायच्या, "तो धूर शेवाळाला पाजायला पाहिजे. ते धुरावर वाढतं. वाया चाललाय बघा." बाकीचे प्रवासी एकमेकांकडं बघायचे. मला तेव्हा लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा.

पुढं त्यांनी घरामागं टाक्या बांधून घेतल्या. उथळ, गुडघ्याच्याही खाली, आतून पांढऱ्या फरशीच्या. स्पिरुलिना नावाचं निळं-हिरवं शेवाळ त्यांनी आपल्या जुन्या प्राध्यापकांकडून मागून आणलं, पाण्याच्या बाटलीत, लातूरपासून मांडीवर धरून. शास्त्रात त्याला आता जिवाणूंत धरतात, पण शेवाळ म्हटलं तरी ते रागवत नाही, असं त्या म्हणायच्या. आमच्या बोअरचं पाणी मचूळ, चहा नासवणारं, पण ह्या शेवाळाला तसलंच पाणी मानवतं. त्यात खायचा सोडा, मीठ, आणखी थोडं खत घालायचं, आणि लाकडी वल्ह्यानं दिवसातनं पुन्हा पुन्हा हलवत राहायचं. तयार झालं की सुती कापडातून गाळून पिळायचं आणि शेवेच्या साच्यातून जाळीवर पाडून वाळवायचं. "माझा साचा बाटवला!" म्हणून आई महिनाभर बोलत नव्हती. पण अंगणवाडीतल्या पोरांना शेंगदाण्याच्या चटणीतून ती हिरवी भुकटी जायला लागली, हाडकुळ्या पोरांच्या गालावर थोडं मांस दिसायला लागलं. मग आईच्या ताटात पण चटणी दिसू लागली. विचारलं तर म्हणायची, "टाकून द्यायची का मग?"

टाकी काढणीला आली का ते बघायची त्यांची एक रीत होती. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा. बोटं दिसली तर अजून पातळ आहे, थांबायचं. बोटं दिसेनाशी झाली की तयार. माझा हात धरून त्यांनी पहिल्यांदा पाण्यात बुडवला तेव्हा मी घाबरून विचारलं होतं, "चावत न्हाय ना?"

आणि ज्यानं मागितलं त्याला त्या शेवाळ द्यायच्या. आमच्याकडं विरजण मागायला आलेल्याला कुणी परत पाठवत नाही, फक्त दिवेलागणीनंतर देत नाहीत. वहिनी दिवेलागणी बघायच्या नाहीत. अंगणवाडीतल्या सुजाताताई पलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या, वहिनींच्या जिवाभावाच्या. त्यांच्या दारातल्या टबात पहिली बादली गेली. आई कुरकुरली, "तिन्हीसांजेला घरातली लक्ष्मी वाटती ही." वहिनी म्हणाल्या, "वाटल्यानं वाढती, आत्याबाई. ठेवल्यानं नासती."

गोव्यातली ही नोकरीसुद्धा वहिनींनीच मिळवून दिली, त्यांच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला सांगून. पाण्याचा आंबटपणा कसा मोजायचा, क्लोरीन किती घालायचं, सगळं त्यांनी फोनवरून शिकवलं. ज्या बाईनं आयुष्यभर शेवाळ जपलं, तिच्याच शिकवणीवर मी शेवाळ मारून पगार घेतो. हे एकदा त्यांना बोललो तर खो खो हसल्या. "मारा की! पोहायच्या पाण्यात त्याचं काय काम? आणि भावजी, तुमच्या एकट्याच्या मारण्यानं संपणारी ही जात न्हाय."

गेल्या दिवाळीत आमची शेवटची भेट झाली. मी टाकीच्या कठड्यावर बसलो होतो, त्या वल्हं मारत होत्या. म्हणाल्या, "हे ध्यानात ठेवा. कधी टाकी धुवायची वेळ आली तर आधी एक बादली बाजूला काढायची. विरजणासारखी. मग खुशाल धुवा." मी "व्हय" म्हणालो. पण हातात फोन होता, सुपरवायझरचे मेसेज येत होते, सुट्टी वाढवली म्हणून नोकरी जाते की काय ह्या धास्तीत मी होतो. कानानं ऐकलं, तेवढंच...

सावडण्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. मला बसवत नव्हतं. शेवटच्या वेळी पोचलो नाही, खांदा दिला नाही, आता निदान काहीतरी करावं म्हणून मी दिसेल ते काम अंगावर घेत होतो. आई म्हणाली, "मयताच्या घरातलं साठलेलं पाणी ठेवत नसत्यात. सगळं वता." घागरी, पिंप, माठ ओतले. मग मागं गेलो. टाक्यांतलं पाणी दोन-तीन दिवस कुणी हलवलेलं नव्हतं, वर साय आल्यासारखं दिसत होतं. मी बूच काढलं. पाणी नालीतून परसात गेलं, बराच वेळ जात होतं, हिरवंगार. मग मी ब्रश घेतला. ज्या कामाचा मला पगार मिळतो ते काम मी माझ्या वहिनीच्या टाक्यांवर केलं, ब्लीचिंग पावडर टाकून, कोपरे न कोपरे घासून. इतकं मन लावून मी गोव्यात कधी केलं नसेल. घासताना रडत होतो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. वाटत होतं, वहिनी, बघा, मी आलोय.

दादा मागं येऊन उभा राहिला. पांढऱ्याशुभ्र फरशीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "लई स्वच्छ केलास रं."

तेव्हा मला बादली आठवली.

दादानं माझ्या हातातला ब्रश घेऊन भिंतीला टेकवून ठेवला. आई उंबऱ्यात बसून तोंडात पदर धरून म्हणत राहिली, "म्याच सांगितलं की रं. म्याच वता म्हणलं." कुणीतरी एक कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. मांडीवर बसून लातूरहून आलेलं, इतकी वर्षं एकातून दुसरं होत वाढलेलं ते सगळं, मी एका सकाळीत नालीत सोडलं होतं. वहिनींचं जे काही जिवंत उरलं होतं, ते मी धुऊन टाकलं.

सुजाताताई भेटायला आल्या तेव्हा मी टाकीजवळच बसलो होतो. त्यांनी आत वाकून बघितलं. "अरे भाऊ... हे काय केलंस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माज्या टबात हाय. लई बरं न्हाय त्याचं, पिवळं पडलंय. बाईच बघायच्या, बाई गेल्यावर मला काय सुचंना. पण हाय." मी उठलो आणि परत बसलो. सुतकात दुसऱ्याच्या दारात काही मागायला जात नाहीत, आईला ते चाललं नसतं. ताईंनी ओळखलं. "आमच्यात सुतक-बितक काय न्हाय. बाबासाहेबांनी सोडवलंय त्यातनं. तू नको येऊ, मी आणती." आणि आई उंबऱ्यातून म्हणाली, "न्हाय. म्या जाती." पिंडाला कावळा शिवायच्या आधी घराबाहेर पाऊल न टाकणारी माझी आई, डोक्यावर पदर घेऊन, हातात झाकणाची बादली घेऊन सुजाताताईंच्या मागं गेली. दिवेलागण झाली होती.

क्लोरीन उतरावं म्हणून मी एक टाकी पुन्हा पुन्हा धुतली. मग तीत बोअरचं पाणी, सोडा, मीठ घालून आईनं आणलेली बादली ओतली. पाणी पिवळट, लिंबाच्या सरबतासारखं. पातळ शेवाळाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून टाकीवर वहिनींची एक जुनी साडी ताणून बांधली. आत हात घातला तर बोटं, नखं, तळाच्या फरशीचा सांधा, सगळं स्वच्छ दिसत होतं. सुट्टी संपली. मला निघावं लागलं. टाकीला गरज असताना मी निघून आलो.

गोव्याहून रोज सकाळी कामावर जायच्या आधी दादाला फोन लावायचो. "रंग आला का?" "अजून न्हाय." "हलवतोस का?" "व्हय." आमच्या दादानं जन्मात घरात कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता. आता तो सकाळी ड्यूटीला जायच्या आधी, आणि आल्यावर कपडे न बदलता, वल्हं मारतो. एकदा मी फारच खोदून विचारलं तर चिडला आणि फोन पाण्याजवळ धरला. "ऐक." छप... छप... वहिनींच्या हातात तोच आवाज जरा जलद यायचा. मी ऐकत राहिलो. तोही बराच वेळ हलवत राहिला.

गेल्या आठवड्यात त्यानंच फोन केला. मी तलावाच्या काठावर होतो, फोन चुकून खिशात राहिला होता. दादानं इकडचं-तिकडचं काही विचारलं नाही. म्हणाला, "कोपरापतूर हात घातलाय."

"मग?"

"बोटं दिसत न्हाईत."

पलीकडून आईचा आवाज आला, "बादली काढून ठेव म्हण, आधी बादली." दादा म्हणाला, "काढलीया."

फोन ठेवून मी काठावर बसलो. हातातला ब्रश खाली ठेवला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. पाणी माझ्या हातानं ठेवलेलं, निळं, निर्मळ. पाचही बोटं दिसत होती.