झऱ्याची ओटी

टेकडीवरच्या झऱ्याचं पाणी जुन्या दगडी पाटाने मठात येई. त्या पाटाची देखरेख करणारे मठाचे कारकून कुठल्याही प्रश्नाला आधी पाटाला कान लावत आणि मग म्हणत, "पाहूं, राव." त्यांचं नाव विचारायचं माझं राहूनच गेलं.

मुलीचं लग्न मी त्याच मठात धरलं. मद्रासेत पाण्याचा दुष्काळ, तरी "आपल्याला झरा आहे" अशा ऐटीत मी टँकर सांगितला नाही. लग्नाच्या सकाळी पाट कोरडा! आचारी रिकाम्या हंड्यांपाशी बसलेले, व्याही घड्याळ बघताहेत.

कारकुनांनी कान लावला, धोतर खोचलं आणि टेकडी चढले. मागून मी, धापा टाकत. पाटाच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी खणात गुंडाळलेला नारळ बाहेर ओढला. पहाटे माझ्या बायकोने हौसेने झऱ्याची ओटी भरली होती. पाणी खळाळत खाली धावलं.

"काय अडलं होतं?" खाली व्याह्यांनी विचारलं. बायकोने मान खाली घातली.

कारकुनांनी उपरण्याआडचा नारळ आणखी आत सारला. "झाडाचं मूळ, सार. काढलं."

पंगतीत बायको त्यांच्या पानात जिलबीसारख्या गोड जांगिऱ्या वाढतच राहिली. जांगिऱ्यांचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा रिकामं होतं. तरी इतका तृप्त मी कधी उठलो नव्हतो.