बारा शनिवारांचा वर्ग

पोरगी परत मिळते की नाही, ह्या एकाच भीतीनं मी बारा शनिवार आयांच्या वर्गाला गेले. लेकरू कसं सांभाळायचं ते शिकायला! माझ्या आईनं सात वाढवली, तिला कुणी फळ्यावर शिकवलं होतं?

बहात्तरच्या दुष्काळात नवरा काम शोधायला म्हणून गेला, तो गेलाच. मी सोलापुरातच चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाला लागणारं सूत गुंडाळून द्यायची. चार वर्षांची लेक शेजारच्या तेलुगू मावशीकडं असायची. दोन-तीन वर्षं नीट गेली. मग एका दुपारी विड्या वळता वळता मावशीचा डोळा लागला आणि पोर चालत चालत थेट रेल्वे स्टेशनात. पोलिसानं तिला रिमांड होममध्ये नेलं. मी धापा टाकत पोचले, तर कारकुनानं विचारलं, "मुलगी कुठे होती?"

"शेजारणीकडं टाकून कामावर गेलते की."

आमच्याकडं सगळ्या बाया असंच बोलतात. पोराला शाळेत टाकतात, आजीकडं टाकतात. कारकून मेला परगावचा. त्यानं लिहिलं, ‘आईने मुलीला टाकले.’ अरे, टाकलेली मी होते, नवऱ्यानं! मी कशाला पोरीला टाकू? पण कागदावर चढलं ते चढलं. आयांचा वर्ग पुरा करा, तिथल्या बाईंची सही आणा, मग पोर मिळेल. नाहीतर तिची रवानगी लांबच्या अनाथाश्रमात.

वर्गात दुधाची बाटली उकळायला शिकवायचे. माझी पोर भाकरी खाणारी! तरी मी मान डोलवायची. एका शनिवारी अंगात सणकून ताप होता, तशीच गेले. झोपेतसुद्धा मी ‘ठेवून जाते, ठेवून जाते’ घोकत असे, असं मावशी सांगायची.

शेवटच्या शनिवारी बाईंनी एकेकीला आत बोलावलं. माझा कागद समोर होता, पेन हातात.

"आता कामावर जाताना मुलीचं काय करणार?"

"शेजारणीकडं टा..." जीभ दातांखाली धरली. "ठेवून जाईन, बाई. मावशीची थोरली सून आता दिवसभर घरात असती."

बाई कागदाकडं बघत राहिल्या. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला, तर त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, चहा कसला? धाकट्याला आईकडे टाकून आलेय मी. किती जणी राहिल्यात अजून?"

तोंडाशी आलं होतं माझ्या. असं आलं होतं म्हणता! पण सही व्हायची होती. गिळलं, आणि हात जोडून उभी राहिले.

सही झाली. त्याच संध्याकाळी पोरीला रिमांड होममधून शुक्रवार पेठेतल्या खोलीवर आणलं. घरात आल्यावर भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. मी म्हटलं, "बस की गं, माझी बाय." ती बसेना. किती वेळानं माठाकडं बघत तिनं हाताची घडी घातली आणि मला, जन्म दिलेल्या आईला, हळूच विचारलं,

"बाई, पाणी पिऊ का?"